बसलो, उतरलो

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वाद पेटला. पेपरात कुठंतरी आलं होतं की काही विमानांत आता इंटरनेट मिळायला लागलंय, पुढंमागं प्रवाशांना फोनवर बोलायचीही मुभा मिळेल. ती द्यावी की देऊ नये, यावर सगळ्यांनी डबे उघडे ठेवून मतं मांडली. त्यातल्या निम्म्यांनी विमान फक्त खालून मान वर करून पाहिलेलं. गणिताचे सर म्हणाले, अजिबात देऊ नये, लोक ठणाणा करतील. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, अडीअडचणीला तरी द्यावी. मग कुणीतरी मला विचारलं, तुमचे बंधू तर नेहमी विमानानं येतात, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, मला वर्गावर जायचंय. घंटा व्हायला वेळ होता. तरी उठले आणि रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

या विषयावर मला मत नाही असं नाही. ते सांगायला मधली सुट्टी पुरत नाही, एवढंच.

माझा मोठा भाऊ बेंगळुरूला असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत. वडील गेल्यावर आई माझ्याकडं लातूरला राहायला आली. लेक असताना लेकीकडं कशी, असं लोक विचारायचे. आई म्हणायची, बेंगळुरूत भांडाया माणूस मिळत न्हाई. पुढं तिकडून नांदेडला थेट विमान सुरू झालं आणि दादाचं येणं वाढलं. नांदेडला उतरायचं, गाडी करायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं. तसं लातूरलाही विमानतळ आहे, पण आम्ही लातूरकर त्याचा उपयोग मुख्यतः पाहुण्यांना पत्ता सांगताना करतो.

आईनं दादाला एक शिस्त लावली होती. विमानात जागेवर बसलं की तिला फोन करून म्हणायचं, ‘बसलो.’ खाली टेकलं की म्हणायचं, ‘उतरलो.’ या दोन शब्दांच्या मधला वेळ ती फोन मांडीवर ठेवून पलंगावर बसायची. जेवायची नाही, टीव्ही लावायची नाही, मलाही फार बोलू द्यायची नाही. मध्येच तिला राहवायचं नाही आणि ती त्याचा नंबर लावायची. मग ती ठरावीक बाई गोड आवाजात सांगायची की हा फोन बंद आहे. आई चिडायची. ‘मधी ही कोण बाई बोलायलीय? लेक माझा, फोन माझा.’

दादा तिला समजवायचा की विमानात फोन बंदच ठेवावा लागतो. तिला हे पटायचं नाही. एसटीत चालतो, रेल्वेत चालतो, मग विमानालाच काय सोनं लागलंय, हा तिचा प्रश्न. दादाचं म्हणणं उलटं होतं. जगात तेवढी एकच जागा उरलीय जिथं माझा साहेब मला गाठू शकत नाही, तीही घालवू नका. त्यानं एकदा पुरावा म्हणून आईला निलंग्याच्या एसटीची आठवण करून दिली. आम्ही तिघं लग्नाला निघालो होतो. पुढच्या सीटवरचा एक गृहस्थ पूर्ण प्रवासभर फोनवर ओरडत होता. त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं आणि का मोडलं, कुणामुळं मोडलं, हे निलंगा यायच्या आत अख्ख्या गाडीला पाठ झालं. दादा म्हणाला, हेच तुला आकाशात पाहिजे का? आई शांतपणे म्हणाली, ‘मग बिगडलं काय? उतरताना चौघांनी त्याला दुसरं स्थळ सांगितलं की.’

ते खरं होतं. दोन पत्ते तर आईनंच दिले होते.

अशी त्यांची भांडणं. मला त्यात पडायची गरज पडली नाही. मी दोघांना चहा द्यायचे आणि हसायचे. ते दिवस असे सरळ हसायचे होते, आणि मला ते तेव्हा कळलं नाही याचा आता फार राग येतो.

पुढचं सांगायच्या आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस गेलं तर फोनवर कुणी ‘गेलं’ असं सांगत नाही. ‘तब्येत जास्त हाय’ म्हणतात, आणि माणूस लांबचा असेल तर ‘सिरियस आहेत, लगेच निघा.’ वाटेत त्याच्या जिवाचं काही होऊ नये, हा त्यामागचा भाव. ऐकणाराही समजूतदार असतो. तो जास्त विचारत नाही. फोन ठेवतो, पिशवीत एक कपड्यांचा जोड टाकतो आणि निघतो. मुदखेडला माझे मामा वारले तेव्हा आईनं ‘तब्येत जास्त हाय’ एवढंच ऐकलं, गॅस बंद केला आणि खाली बसून रडायला लागली. तिला खरं कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

दादाला मात्र ही समज वेळेवर आली नाही. वडील गेले तेव्हा काकांनी त्याला ‘सिरियस आहेत’ असं कळवलं आणि त्यानं ते खरं मानलं. बसनं यायला निघाला. वाटेतून मला मेसेज करत होता की रिपोर्टचे फोटो पाठव, पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांचा नंबर मिळालाय, उद्या हलवू. मी काय पाठवणार होते? मी फोन उलटा करून ठेवला. आमच्या दारातला चपलांचा ढीग बघून त्याला कळलं. तो काकांच्या अंगावर धावून गेला. मग अख्ख्या भावकीसमोर म्हणाला, ‘ह्यापुढं मला कुणी सिरियस म्हणालं, की मी समजून जाईन.’

त्यानं तो शब्द पाळला.

आईला धाप लागत होती म्हणून एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, पण थोड्या दिवसांत घरी न्या. आई चांगली बोलत होती, सिस्टरला लग्न झालं का म्हणून विचारत होती. दादा त्या शनिवारी येणार होता. पण गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, जवळची माणसं बोलावून घ्या.

मी दादाला फोन लावला. त्या वेळी डोक्यात दुसरा शब्दच आला नाही. सगळी दुनिया तोच शब्द वापरते. ‘दादा, आई सिरियस आहे. लगेच निघ.’

मग तो म्हणाला, ‘बरं. निघतो.’

शुद्धीवर आहे का, बोलते का, डॉक्टर काय म्हणतात, काहीही विचारलं नाही. मला वाटलं, केवढा धीराचा माणूस आहे. विमानतळावर पोचल्यावर त्याचा मेसेज आला की विमान वेळेवर आहे. मेसेज मला आला. आईच्या फोनवर काही आलं नाही. तेव्हा मी औषधांच्या पिशव्या घेऊन खालीवर पळत होते, मावशी जिन्यात बसून जप करत होती, आणि आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते आईच्याच. मला आयसीयूत आत सोडलं तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं तो बोटानं थोडा उचलला आणि विचारलं, त्यो निघाला का? म्हटलं, निघाला, विमानतळावर आहे. मग म्हणाली, बसला का? म्हटलं, बसत असेल आता. ती माझ्याकडं बघत राहिली. ‘मग मला का न्हाई म्हणला?’

त्या क्षणी मला वडिलांचा तो दिवस आठवला, दारातल्या चपला आठवल्या आणि दादाचं वाक्य आठवलं. तो शांत नव्हता. तो आईला घालवून बसला होता. ‘बसलो’ म्हणायला आता कुणी उरलं नाही असं समजून तो विमानात चढला होता, आणि आई इथं जिवंत होती, डोळे उघडे होते, आणि तिला त्याचा फोन हवा होता.

मी तिथंच फोन लावला. बंद होता. विमानाचं दार बहुतेक नुकतंच लागलं असावं. बाहेर जाऊन लावला, आत येऊन लावला, खिडकीत उभं राहून लावला, जणू माझ्याकडची रेंज वाढली की त्याचा फोन चालू होणार होता. मग आईनं हात पुढं केला. तिला तिचा स्वतःचा फोन हवा होता. आयसीयूत फोन चालत नाही, पण सिस्टरनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही बोलली नाही.

आईच्या फोनवर दादाच्या फोटोवर बोट ठेवलं की त्याला फोन लागायचा. तेवढंच तिला येत होतं. तिनं बोट ठेवलं. मी मास्कची दोरी बाजूला सारून फोन तिच्या कानाला धरला. तीच बाई आली. एरवी जिला ती शिव्या घालायची, तिचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा ऐकलं. मी म्हणाले, आई, तो विमानात आहे, आता लागायचा नाही. ती म्हणाली, ‘लागंल. येळ लागतो.’ मी धरत राहिले, ती दाबत राहिली. मला एकदा वाटलं की फोन माझ्या कानाला लावून म्हणावं, हा बघ बोलतोय. पण आईला फसवणं जमायचं नाही. आवाज ऐकायचा होता तिला.

शेवटी तिनं फोन छातीवर ठेवला. तिला दमल्यासारखं झालं होतं. मास्क बाजूला करून, अगदी नेहमीच्या आवाजात, भाजीवाल्याला निरोप द्यावा तसं ती म्हणाली, ‘उतरल्यावर लाव म्हणावं. मी हाय.’

त्यानंतर ती काही बोलली नाही. मावशीला आत बोलावलं, मावशीनं तिच्या तोंडात पाणी घातलं. दादा तेव्हा वर कुठंतरी ढगांत होता.

विमानात फोन करू द्यावा की नाही, याबद्दलचं माझं मत त्या खोलीत झालं. खुशाल बोलावं लोकांनी. ठणाणा करावा, स्थळं मोडावीत, शेजाऱ्याची झोपमोड करावी, माझी कशालाच हरकत नाही. मला शांतता नकोच होती. मला फक्त एक फोन लागायला हवा होता. हे मी स्टाफरूममध्ये कसं सांगू?

नंतर माझा फोन वाजला. दादा होता.

‘उतरलो.’

मी म्हणाले, ये. मागं लोकांच्या बॅगांचे आवाज येत होते. मग त्यानं विचारलं, ‘सकाळीच गेली ना गं?’

मावशी माझ्या शेजारी होती. तिला पलीकडचं ऐकू गेलं होतं. तिनं माझा हात घट्ट धरला. मी त्या हाताकडं बघत म्हणाले, ‘हाव.’

दुसरं काय म्हणणार होते? नांदेड ते लातूर एवढा रस्ता त्याला काटायचा होता. त्या गाडीत त्याला कोण धरणार होतं? जन्मभर मी या रितीला नावं ठेवली. माणसाला खरं सांगायची हिंमत नाही म्हणून हसले. आणि वेळ आली तेव्हा मला तेच आलं. आधी माझं खरं त्याला खोटं वाटलं होतं. आता मी खोटं सांगितलं आणि तो गप्प झाला.

मावशीनं बाकीचं काम केलं. माती व्हायच्या आत तिनं सगळ्या नात्यात फिरवलं की सकाळीच गेली म्हणायचं, पोराला जन्माचा चटका नको. आमच्या भावकीत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. साखरपुड्याची गोष्ट ठरायच्या आधी गावभर होते. पण ही एक गोष्ट सगळ्यांनी गिळली. तेराव्याला जेवायला बसलेल्या पंगतीत एकानंही चुकून वेळ उच्चारली नाही.

त्याच पंगतीत दादानं ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. म्हणाला, आई विमानात फोन पाहिजे म्हणून माझ्याशी भांडायची, पण त्या दिवशी बरं झालं नव्हता ते. कुणाचा फोन नाही, कुणाचं सांत्वन नाही. खिडकीकडं तोंड करून बसलो आणि तेवढा वेळ मी आणि आई दोघंच होतो. मनातलं सगळं बोलून घेतलं तिच्याशी. म्हातारी माणसं माना डोलवत होती. एक काकू पदरानं डोळे पुसत होत्या. मी वाढता वाढता वरणाचं भांडं घेऊन आत निघून गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तो जिच्याशी मनातल्या मनात बोलत होता, ती त्याच वेळी त्याच्या फोटोवर बोट ठेवत होती.

ती गोष्ट त्यानं पुढं खूप वेळा सांगितली. सहाव्या महिन्याला सांगितली, मित्रांना सांगितली, माझ्या नवऱ्याला दोनदा सांगितली. विमानात फोन नको याचं ते त्याचं उदाहरणच होऊन बसलं. दर वेळी मी उठून जायचे. मला त्याचा राग यायला लागला, आणि राग यायचं काही कारण नाही हेही कळायचं.

वर्षश्राद्ध झालं आणि मी त्याला सोडायला नांदेडला निघाले. गाडी मीच चालवत होते. चाकूरपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो. अहमदपूरला त्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन आला, तो म्हणाला थोड्या वेळानं विमानात असेन, मग मिळणार नाही. फोन ठेवून हसला आणि मला म्हणाला, आई असती तर आत्ता भांडली असती. आणि पुन्हा तेच सुरू केलं, की त्या दिवशी बरं झालं, खिडकीकडं तोंड करून...

‘पुरे कर दादा ती गोष्ट,’ मी म्हणाले. ‘मला ऐकवत नाही.’

मी फार जोरात बोलले होते. तो गप्प झाला. लोहा मागं पडलं तरी तो बाहेर बघत होता. मग बाहेरच बघत म्हणाला, ‘त्या दिवशी उतरून फोन चालू केला, तर मिस्ड कॉलचे मेसेज आले. पहिले तुझे होते. मग आईचे. त्यानंतर एकही नाही.’

हे उत्तर मी वर्षभर तयार ठेवलं होतं. लगेच म्हणाले, माझी बॅटरी संपत आली होती, म्हणून तिच्या फोनवरून मीच लावत होते.

तो म्हणाला, ‘मेलेल्या माणसासाठी कुणी इतके फोन लावत नसतं गं.’

मी गाडी कडेला घेतली. पुढं दिसत नव्हतं. बाजूनं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या ट्रॉल्या संपेपर्यंत आम्ही दोघं नुसते बसलो. मग मी विचारलं, सगळं कळलं होतं तर मग सकाळीच गेली ना, असं का विचारलंस?

‘तू हाव म्हणावंस म्हणून.’

मला उशिरा का होईना, सगळं समजलं. ती पंगतीतली गोष्ट त्याची नव्हती, माझ्यासाठी होती. आपल्याला काही माहीत नाही, आपण सुखात आहोत, असं मला वाटत राहावं म्हणून तो ती सांगत सुटला होता. आणि मी चिडून उठून जात होते. विमानात तो खरंच आईशी बोलला होता का, हेही मी विचारलं नाही. तो म्हणाला, ‘सकाळी तू फोन केलास तेव्हा जित्ती हाय का एवढं विचारायचं होतं. तोंडच उघडलं न्हाई.’ बेंगळुरूला इतकी वर्षं काढलेला माणूस एकदम आमच्या गल्लीतलं बोलायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान मुलासारखा रडला, आणि मीही रडले.

विमानतळाच्या दाराशी गाडी थांबवली. त्यानं बॅग काढली आणि खिडकीत वाकून विचारलं, ‘जाताना काही म्हणली का?’

मी तोंड उघडलं. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. दादा थोडा वेळ थांबला, मग राहू दे असा हात करून आत गेला.

मला लगेच गाडी चालवणं जमलं नसतं. पुढं जाऊन एका लिंबाखाली थांबले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पर्समध्ये फोन वाजला. माझा नव्हता. आईचा होता. तो मी वर्षभर रिचार्ज करून पर्समध्ये बाळगते, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यावर दादाचा फोटो आला होता.

उचलला. त्याला बहुतेक ती बाई बोलेल असं वाटलं असावं, कुणी उचलेल असं वाटलं नसावं. तिकडं वरच्या कप्प्यांची झाकणं लागत होती, एक माणूस मोठ्यानं कुणाला तरी सांगत होता की बसलोय, काळजी करू नका. मग दादाचा अगदी हळू आवाज आला.

‘बसलो.’

मी म्हणाले, ‘उतरल्यावर लाव. मी हाय.’